शांततेचा तुकडा

ताईचं बोलणं संपलं, तसा तिच्या भावाच्या कामातल्या जोडीदाराने हात वर केला.

"आता कुणी हलू नका. खुर्चीसुद्धा वाजवू नका. खोलीची शांतता घ्यायचीय."

इन्स्पेक्टरबाई दारातच थबकल्या. आत दोनच माणसं होती. टेबलाशी डोळे पुसत बसलेली ताई आणि कानांवर हेडफोन चढवून, तिच्यासमोर मोडक्या दांडीचा मायक्रोफोन हातात धरून, डोळे मिटून उभा असलेला जोडीदार. खालच्या शिंप्याच्या दुकानातली मशीन खडखडत होती, तिची धडधड जमिनीतून तळपायाला लागत होती. ताईने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"झालं," जोडीदार म्हणाला आणि हेडफोन गळ्यात उतरवले. "या मॅडम. माफ करा, ताईंचं आवाहन रेकॉर्ड करत होतो."

"ही शांतता घेणं काय प्रकार आहे?"

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते मॅडम. बोलण्यातला खोकला, हुंदका कापला की तिथे भोक पडतं. त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरायची. ठिगळ कळत नाही."

"पण खाली मशीन वाजतेय की."

"वाजू दे. एखादा बारीक आवाज असला म्हणजे ऐकणाऱ्याला खोली खरी वाटते. अगदी धुतलेली शांतता कानाला पटत नाही." तो खिन्नपणे हसला. "मोठ्या चॅनेलवाल्यांना हे वेडेपण वाटतं. आम्ही आपले जुन्या वळणाचे."

आम्ही म्हणजे तो आणि ताईचा भाऊ, खडा. खरं नाव सगळे विसरले होते. एका मंत्र्याने भर सभेत त्याला 'घासातला खडा' म्हटलं, तेव्हापासून तो खडाच. मोठ्या वर्तमानपत्राने त्याला काढलं, मग त्याने काढलेली वेबसाइट बंद पाडली गेली. तेव्हा या दोघांनी शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि बातमी आवाजातून सांगायला सुरुवात केली. दर शुक्रवारी खड्याचा आवाज हजारो लोकांच्या फोनवर जायचा. या शुक्रवारी, म्हणजे उद्या, पाण्याची बातमी जायची होती. आणि खडा चार दिवस बेपत्ता होता.

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"पुन्हा एकदा सांगा. तो घरातून निघाला तेव्हा काय म्हणाला?"

"साक्षीदाराला भेटून येतो म्हणाला," ताई म्हणाली. "पिशवी घेऊन गेला. सगळ्या साक्षी त्या पिशवीतच. मी म्हटलं, बाबा रे, अजून वेळ गेली नाही. सरळ नोकरी धर. बातम्यांपायी आपल्या घरावर दगड आले, मला शाळेतून काढलं. एवढं बोलले मी त्याला. जाताना पाणीसुद्धा विचारलं नाही." तिने ओठ घट्ट मिटले.

"साक्षीदार कोण?"

"जारवाल्या मालकाच्या कारखान्यातला," जोडीदार म्हणाला. "मॅडम, शहरात निम्म्या घरांत पाण्याचे जार जातात ते मालकाचे. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी ज्या विहिरीत मुरतं, त्याच विहिरीतून ते भरले जातात. साक्षीदाराने ते आतून पाहिलंय. सगळ्यात मोठं न्यूज चॅनेलही मालकाचंच. मग ही बातमी दाखवणार कोण? म्हणून आम्ही."

"त्या दिवशी तुम्ही बरोबर नव्हता?"

"ताप होता मला. कुठे भेटणार, तेही त्याने सांगितलं नाही."

"या भाऊशिवाय तो कधी रेकॉर्डिंगला जात नाही," ताई जोडीदाराकडे हात करून म्हणाली. "जाऊन करणार काय? त्याला धड बटण दाबता येत नाही. फोनवर निरोप धाडायचा तरी मलाच म्हणतो, ताई, हे कुठे दाबू?" ती रडता रडता हसली. "बाई, मला भाऊ दोन. एक आईने दिला, दुसरा हा."

जोडीदाराने मान खाली घातली.

बाईंचा फोन वाजला. हवालदारकाका होते. निवृत्तीला टेकलेला माणूस, सहसा घाई करत नसे. आज त्यांना धाप लागली होती.

"मॅडम, टीव्ही लावा. सापडला तो!"

*

चॅनेलवर त्या निवेदकाचा चेहरा होता, ज्याला सगळं शहर डरकाळी म्हणायचं. तो बातमी देत नसे, अंगावर सोडत असे. पडद्यावर खड्याचा जुना फोटो होता, खाली ढोल बडवल्यासारखं संगीत आणि त्यावर खड्याचा आवाज.

"मी माझ्या मर्जीने दूर आलो आहे... पाण्याबद्दलचा माझा अहवाल खोटा आहे... मला शोधू नका... ताई, काळजी करू नकोस."

"ऐकलंत?" डरकाळी गरजला. "ज्यांनी गळे काढले, पत्रकारितेचा खून झाला म्हणाले, ते आता कुठे तोंड लपवणार?"

ताई पडद्याकडे बघतच राहिली. "आवाज त्याचाच आहे," ती म्हणाली. "पण हा असा बोलत नाही. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर ठेवून उठल्यासारखा काय बोलतोय?"

"फोनवर बोलून पाठवलं असणार," जोडीदार हळूच म्हणाला. "ताई, माणूस थकतो हो. तो थकलाच होता."

"माझा भाऊ थकतो, पण खोटं बोलत नाही!"

तेवढ्यात बाईंचा फोन पुन्हा वाजला. या वेळी साहेब होते.

"पाहिलंत ना? सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या पायाने गेला. संध्याकाळपर्यंत केस बंद करून कागद माझ्या टेबलावर ठेवा."

"साहेब, नुसता आवाज ऐकलाय. माणूस दिसला नाही."

"बाई, आहे त्या खुर्चीत बरं चाललंय ना तुमचं?"

फोन बंद झाला. बाईंनी तो खिशात टाकला आणि जिना उतरल्या. संध्याकाळपर्यंतचा वेळ त्यांच्या हातात होता. हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी त्यांना कुठलंही दार ठोठावता येत होतं. केस बंद झाली की तेच दार त्यांच्या तोंडावर आपटलं जाणार होतं.

*

चॅनेलची इमारत काचेची होती, आत गारठा आणि गोंगाट एकत्र नांदत होते. डझनभर टीव्ही एकाच वेळी ओरडत होते. कूलरवरचा रिकामा जार एका कामगाराने उतरवला आणि कोपऱ्यातल्या इतर रिकाम्या जारांवर भिरकावला. तो आधी घरंगळला, मग आदळला, ढुम्. नवा भरलेला जार वर चढला.

डरकाळी मेकअपच्या खुर्चीत होता. समोर त्याची स्वतःची स्टीलची बाटली होती.

"तुम्ही इथलं पाणी पीत नाही?"

"डॉक्टरांनी घरचं प्यायला सांगितलंय," तो आरशातच म्हणाला. कॅमेरा नसताना त्याचा आवाज अगदी मऊ होता. "विचारा काय विचारायचं ते."

"ती फाईल तुमच्याकडे कशी आली?"

"ईमेलने. खाली त्याचं नाव होतं."

"पत्ता तपासला?"

"त्याचा आवाज सगळं शहर ओळखतं. तपासायचं काय त्यात?"

"तुम्ही त्यात काही कापलं, जोडलं?"

"छे. आली तशी लावली. खाली म्युझिक टाकलं फक्त."

"बोलण्याखाली म्युझिक कशाला?"

तो हसला. "मॅडम, आमच्याकडे शांतता चालत नाही. एक क्षण आवाज थांबला की लोक रिमोट उचलतात. आमच्या एडिटरना विचारा, शांतता रेकॉर्ड कर म्हटलं तर डोक्यावर पडलाय का म्हणतील. इथे श्वासाखालीसुद्धा ढोल लागतो."

"म्युझिक नसलेली मूळ फाईल मला हवी."

"मालकांना विचारावं लागेल."

"विचारा. मग मीही त्यांना विचारेन, त्यांचा निवेदक त्यांचंच पाणी का पीत नाही."

फाईल चहाचा कप थंड व्हायच्या आत मिळाली.

*

जीपमध्ये बाईंनी एक हेडफोन आपल्या कानाला लावला, दुसरा काकांना दिला.

म्युझिक निघाल्यावर खड्याचा आवाज उघडा पडल्यासारखा वाटत होता. मागे यंत्राची बारीक घरघर होती. बाईंनी एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग डोळे मिटून ऐकलं.

"काका, तो थांबतो तिथे लक्ष द्या."

"मी माझ्या मर्जीने दूर आलो आहे..." मग घरंगळल्यासारखं काहीतरी आणि ढुम्. "पाण्याबद्दलचा माझा अहवाल खोटा आहे..." पुन्हा तेच घरंगळणं, तोच ढुम्.

"लांब कुठेतरी काहीतरी पडतंय," काका म्हणाले.

"पडतंय. पण तो बोलत असताना का नाही पडत?"

काकांनी पुन्हा ऐकलं. त्यांच्या भुवया वर चढल्या. "अरेच्चा! हा गप्प बसला की पडतंय, बोलायला लागला की थांबतंय. पडणाऱ्याला काय माणसं कळतात?"

जीपच्या काचेतून बाई समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. तिथून एक टेम्पो जात होता, निळ्या जारांनी खच्चून भरलेला.

"काका, मालकाचे रिकामे जार कुठे धुतले जातात?"

"वळणरस्त्याला मोठी शेड आहे. सध्या दुरुस्तीसाठी बंद असल्याची पाटी आहे म्हणे."

"बंद शेड. छान. चार माणसं घ्या आणि आत शिरा. कुणी अडवलं तर सांगा, हरवलेल्या माणसाचा शोध आहे, केस अजून उघडी आहे. सापडला की मला फोन करा."

"आणि तुम्ही?"

"तिकडे एक फोन जाणार आहे, तो मी अडवते. तुम्ही पोहोचायच्या आत तिथे खबर लागली, तर माणूस हलवतील. किंवा..." काकांनी टोपी चढवली.

*

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत चौघं जमली. ताई, जोडीदार, बाई आणि 'फक्त तुम्हालाच सांगते' एवढ्या निरोपावर धावत आलेला डरकाळी. बाईंनी दाराला आतून कडी घातली.

"सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवा."

"माझाही?" जोडीदाराने विचारलं.

"माझाही ठेवते."

चार फोन टेबलावर आले. बाई उभ्याच राहिल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही.

"हा आवाज खड्याचा आहे, पण सलग नाही. तुकडे जोडलेत. कसं कळलं सांगते. तो जिथे जिथे थांबतो, तिथे एकच आवाज येतो. घरंगळणं आणि ढुम्. दर वेळी तसाच, तेवढाच. बोलण्याच्या खाली मात्र एकदाही नाही. खऱ्या खोलीतला आवाज माणूस बोलतोय म्हणून थांबत नाही. म्हणजे कुणीतरी बोलणं कापलं आणि भोकांत शांततेचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा भरला."

ताईने तोंडावर हात ठेवला.

"आता हे कुणी केलं? खडा एकटा बसून फोनवर बोलला असं मला सांगण्यात आलं. पण त्याला निरोप पाठवायलाही ताई लागते. तो काय बेमालूम ठिगळं लावणार?" त्या डरकाळीकडे वळल्या. "मग चॅनेलने केलं असेल? मालकाला गरज होती आणि माणसंही होती. पण यांच्याकडे शांतता घेतच नाहीत. यांनी कापलं असतं, तर भोकांवर ढोल बडवला असता."

"मी सांगत होतो!" डरकाळी उसळला. "आमचा काही संबंध नाही!"

"पळवण्याशी नाही. तुम्ही फक्त विचारलं नाही. ज्याचं काम विचारायचं, त्याने न विचारणं याला आमच्या कायद्यात कलम नाही, म्हणून तुम्ही बसा."

तो बसला.

"राहिला एक माणूस. खोलीची शांतता घेतल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही. धुतलेली शांतता पटत नाही, बारीक आवाज असला तर खोली खरी वाटते, असं ज्याचं मत आहे. त्याने तो ढुम् चुकून ठेवला नाही. मुद्दाम ठेवला, काम चांगलं व्हावं म्हणून."

ताईची नजर हळूहळू जोडीदाराकडे वळली.

"भाऊ?"

जोडीदाराचा हात टेबलावरच्या फोनकडे सरकला. बाईंनी त्यावर आपला तळवा ठेवला.

"त्या दिवशी साक्षीदार वगैरे कुणी भेटणार नव्हता," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराचं रेकॉर्डिंग आहे, चल, असं तुम्हीच त्याला सांगितलंत. तुम्ही सोडून तो दुसऱ्या कुणाबरोबर जातच नाही. ताप नव्हता तुम्हाला."

"त्याला कुणी हात लावणार नव्हतं!" जोडीदार ओरडला. इतका वेळ दाबून धरलेला आवाज फुटला होता. "नुसतं निवेदन घ्यायचं होतं. मालकाची माणसं म्हणाली, बोलला की सोडून देऊ. ताई, तुमच्या घरावर दगड आले, माझ्या पोरीची वाट अडवली त्यांनी. आणि तो? तो म्हणायचा, शुक्रवार चुकवायचा नाही. प्रत्येक शुक्रवारी मी मरत होतो! मालक म्हणाले, चॅनेलमध्ये ये, आवाजाचा विभाग सांभाळ. मी म्हटलं, सुटेन. आम्ही दोघंही सुटू."

"मग तो बोलला का त्यांना हवं ते?"

"कुठला बोलतोय! म्हणाला, 'माझा अहवाल खोटा आहे, असं मालक म्हणतात.' मी मागचं कापलं." त्याने तोंड झाकलं. "सगळंच तसं कापलं."

"आणि सोडणार कधी होते?"

"तुमचा तपास बंद झाला की."

"ज्याला कुणी शोधत नाही, त्याला सोडायची गरज काय असते हो?" बाई म्हणाल्या.

जोडीदाराने मान वर केली. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. कुंपणाने शेत खाल्लं होतं. ताई उठली. बाईंना वाटलं, मारते आता. पण ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली.

"तो कुठे आहे, तेवढं सांग."

त्याने तोंड उघडलं, आणि टेबलावरचा एक फोन थरथरला. बाईंचा होता.

"मॅडम," पलीकडून काकांचा आवाज आला, त्यांना हसूही येत होतं आणि रडूही, "जारांच्या डोंगरामागे खोली आहे. आहे. जिवंत आहे. पिशवीसकट आहे. आणि पहिलं काय विचारतोय माहितीय? आज वार कुठला!"

*

खडा जिना चढून आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजला होता आणि काकांनी त्याला काखेत हात घालून धरलं होतं. शिंपीसुद्धा मशीन सोडून वर आला होता. ताईने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग त्याने खोलीत पाहिलं. बेड्या घातलेला जोडीदार दाराशी उभा होता.

"मला कळत नाही," जोडीदार पुटपुटला. "तुकडा नीट निवडला होता. घाईत होतो, आधी तर शांतता घ्यायचीच विसरलो होतो..."

"विसरला होतास," खडा म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द अडखळत होते. "मीच आठवण करून दिली. रेकॉर्डर बंद करून निघाला होतास. मी म्हटलं, खोलीची शांतता घेतली नाहीस. आणि तू परत फिरलास. हेडफोन लावलेस. त्या गुंडांनासुद्धा गप्प केलंस. तोवर मागे जार पडायला लागले होते. मला वाटलं, कुणीतरी ऐकेल."

जोडीदाराला काका खाली घेऊन गेले.

डरकाळी अजून कोपऱ्यात होता. त्याने घसा साफ केला. "साहेब, दोन मिनिटं. आमच्यासाठी एक मुलाखत. तुम्हाला हवं ते बोला."

"खाली म्युझिक टाकणार?" खड्याने विचारलं.

ताईने दाराकडे बोट दाखवलं आणि डरकाळी गेला.

साहेबांचा फोन आला. केस बंद झाली का, त्यांनी विचारलं.

"होतेय साहेब," बाई म्हणाल्या. "माणूस सापडला. एकाला अटक झालीय, तो मालकाचं नाव सांगतोय. कागद तुमच्या टेबलावर ठेवते, एक प्रत न्यायालयात जाईल." बदली कुठे होणार, एवढंच आता बघायचं होतं. त्यांनी फोन ठेवला.

खड्याने पिशवी टेबलावर उपडी केली. साक्षी होत्या तशा होत्या. कोण कोण फुटलंय ते शोधायला मालकाच्या माणसांनी त्या ठेवून घेतल्या होत्या. तो मायक्रोफोनसमोर बसला, मग गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. मायक्रोफोनची दांडी मोडली होती, तो नेहमी जोडीदारच हातात धरायचा.

"उद्या शुक्रवार आहे," तो म्हणाला. "पण हे धरणार कोण?"

"आधी डॉक्टरकडे चल," बाई म्हणाल्या.

"जातो. आधी एवढं होऊ दे. ते पाणी आजही लोक पितायत."

बाईंनी ताईकडे पाहिलं. सरळ नोकरी धर म्हणणारी, शाळा गमावलेली, चार दिवस देव पाण्यात घालून बसलेली ताई. ती आता नाही म्हणेल, असं बाईंना वाटलं. नाही म्हटलं असतं तर बाईंनी तिची बाजू घेतली असती.

ताई पुढे झाली. तिने मायक्रोफोन उचलला आणि भावाच्या तोंडासमोर धरला.

"ताई, हात हलतोय तुझा."

"हलू दे. तू बोल."